झाकणावरचं कुंकू

जोडाचे स्क्रू सुटले. सबनीस साहेबांनी वेव्हगाइडच्या तोंडाखाली पांढरा रुमाल धरला आणि त्यावर पहिल्यांदा पडली ती झेंडूची पाकळी. मग तांदळाचा एक दाणा, कुंकवाने लाल झालेला. मग चिकट पाण्याचे थेंब, एकामागून एक. साहेबांनी एक थेंब बोटावर घेतला, हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं.

"नारळाचं पाणी आहे," ते म्हणाले.

यंत्राच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. पुण्याहून धावत आलेले सबनीस साहेब, जोडणीची जबाबदारी जिच्यावर होती ती मी, म्हणजे घोलपबाई, आणि मनोऱ्यावर चढणाऱ्या गड्यांचे मुकादम धोंडीराम मुळीक. त्यांना मी मुळीकमामा म्हणत असे. मामा रुमालावरच्या त्या पाकळीकडे टक लावून उभे होते.

वेव्हगाइड म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर एका पाकळीवरून एवढं आकाशपाताळ कशाला, असं वाटायचं. लांबून पाहणाऱ्याला ती जाड काळी केबल वाटते. पण आत तार नसते, काहीच नसतं. तांब्याची लवचीक नळी असते, बाहेरून काळं आवरण, आणि आतल्या पोकळीतून रेडिओच्या लहरी यंत्रापासून मनोऱ्याच्या टोकावरच्या डिशपर्यंत चढत जातात. पोकळी कोरडी हवी, स्वच्छ हवी. पाणी गेलं की लहरी वाटेतच जिरतात. म्हणून नळीच्या टोकाला जोड बसवला की त्याच्या तोंडावर झाकण घालायचं, वरून चिकटपट्टी गुंडाळायची आणि वर नेऊन डिशला जोडायच्या क्षणीच ते काढायचं. सबनीस साहेबांचा नियम होता, की ज्याने जोड बसवला त्याने डिशला जोडेपर्यंत त्या टोकापासून हलायचं नाही. "तान्हं मूल आणि हे तोंड, एकटं सोडायचं नाही," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. मलाही सांगितलं होतं.

त्या साली आमच्या कंपनीने पाटणच्या बाजूला, वाघजाईच्या डोंगरावर, मनोरा उभा केला होता. खाली धरण होतं. धरणावरची खबर शहरातल्या कचेरीत पोचवायची ती या मनोऱ्यावरून. मी नोकरीत नवी होते, कायम व्हायची होते. हेड ऑफिसात सगळ्यांचं म्हणणं, की मुलीला डोंगरावर कशाला पाठवता, टेबलाशी बसवा, नकाशे काढेल. सबनीस साहेबांनी एकट्याने माझी बाजू लावून धरली. घोलपबाईंइतका नेटका जोड माझ्याकडे दुसरा कोणी बसवत नाही, असं त्यांनी भर बैठकीत सांगितलं होतं म्हणे. हे काम तडीस गेलं असतं तर मी मनोऱ्यांवर राहिले असते. फसलं असतं तर टेबल माझी वाट पाहत होतंच, आणि माझ्यामागून दुसरी कुठलीही मुलगी डोंगरावर गेली नसती. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आणि काम फसलं होतं. यंत्र सुरू केलं तर पलीकडे सिग्नल पोचेचना. डिश फिरवून पाहिली, यंत्र तपासलं, सगळं ठाकठीक. शेवटी साहेबांनी खालचा जोड उघडायला लावला आणि नळीच्या वळणात साचलेली खंडेनवमीची पूजा रुमालावर येऊन पडली.

"झाकण कोणी काढलं?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, की जोड बसवल्यावर झाकण मी स्वतः घातलं होतं, पट्टीही मीच गुंडाळली होती. साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामा जरा घुटमळले, खाकरले.

"आमी पूजेला आलो तवा तोंड उगडंच हुतं साहेब," ते म्हणाले. "पूजेत उडालं आसंल कायतरी. मग आमीच झाकान घातलं."

मी थक्क झाले. मामा खोटं बोलतील असं मला वाटलं नव्हतं. गडी सगळे त्यांच्या धाकात, पण माझ्याशी ते लेकीशी बोलावं तसं बोलत. मी पहिल्यांदा मनोरा चढले तेव्हा खाली जमलेल्या गड्यांना त्यांनीच दटावलं होतं, की वर बघायचं काम नाही, आपापलं दोर सांभाळा.

"ठीक आहे," साहेब मला म्हणाले. "तोंड उघडं असो की झाकलेलं. पूजा चालली होती तेव्हा तुम्ही तिथे होता ना?"

"नव्हते."

"कुठे होता?"

माझ्याकडे उत्तर होतं. अगदी साधं होतं. पण ते तोंडातून निघेना.

खंडेनवमीच्या सकाळीच मला कावळा शिवला होता. हे शब्द आईचे. आमच्या घरी आई त्या दिवसांत देवघराच्या उंबऱ्याकडेही फिरकत नसे, आणि मी इंजिनियर झाले तरी त्या दिवसांत देवाला हात लावायची मला कधी हिंमत झाली नाही. माझा त्यावर विश्वास होता का? नव्हता. पण विश्वास नाही म्हणून हात पुढे करायला जे लागतं तेही माझ्यात नव्हतं. कामाला मी तयार होते. मनोरा चढायला काही अडत नव्हतं, आणि पूजेनंतर मी चढलेही. पण पूजा मांडली होती मनोऱ्याच्या पायाशी. दोर, कप्पी, पाने, हातोडे सगळं धुऊन मांडलं होतं आणि त्यांच्या मधोमध, जमिनीवर, माझं वेव्हगाइडचं टोक. मामा ताट घेऊन आले आणि म्हणाले, "म्याडम, या की. औंदा तुमच्या हातानं नारळ वाढवू."

मान द्यायला बोलावत होते. मी म्हटलं, तुम्हीच करा मामा, मला जरा बरं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. त्यांना कळलं होतं, आणि कळलं आहे हे मलाही कळलं. "बरं बरं, तुमी तकडं सावलीला बसा," म्हणाले. मी जनरेटरच्या खोलीमागच्या धोंड्यावर जाऊन बसले. तिथून पूजेच्या घंटेचा आवाज येत होता, बाकी काही दिसत नव्हतं.

मी परत आले तेव्हा गडी प्रसाद खात होते आणि टोक दोराला बांधून तयार होतं. झाकण जागेवर, पट्टी जागेवर. मग मी वर चढले, टोक मागोमाग खेचून आणलं, झाकण काढलं. तोंडाशी काही दिसलं नाही. कोणीतरी ते पुसून ठेवलं होतं.

"बरं वाटत नव्हतं," मी साहेबांना म्हटलं.

"बरं वाटत नव्हतं?" ते म्हणाले. "आणि त्यानंतर तासाभरात तुम्ही मनोऱ्याच्या टोकावर होता?"

 साहेब चिडलेले नव्हते, तेच अवघड होतं. चिडले असते तर मीही काही बोलले असते. ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले, एखाद्याने आपली पत राखली नाही की पाहतात तसे. म्हणाले, उद्या सकाळी मला हेड ऑफिसला फोन करावा लागेल. जागेवर का नव्हता एवढं एकच मला सांगता आलं पाहिजे. कारण असेल तर मी तुमच्यासाठी भांडेन. कारणच नसेल तर कशाच्या जोरावर भांडू?

संध्याकाळी मामा आणि गडी डोंगर उतरून गावाकडे गेले. जाताना मामा रोज हाक मारत, "येतो म्याडम." त्या दिवशी मारली नाही.

मला मामांचा राग यायला हवा होता. आलाही, पण थोडाच. कारण माझं सगळं डोकं त्या एका शब्दात अडकलं होतं. तो शब्द घरात आईने कधी उच्चारला नव्हता, कावळ्यावरच भागवलं होतं. बाबांना तर आम्ही मुली त्या दिवसांत असतो हेच ठाऊक नसल्यासारखं सगळं घर वागे. आणि आता तो मी दोन पुरुषांसमोर, ऑफिसच्या खोलीत, कामाचं कारण म्हणून सांगायचा? मी मनात वाक्यं जुळवून पाहिली. अडचण होती म्हणावं, तर कसली अडचण, असं साहेब विचारणार. घरगुती कारण म्हणावं, तर डोंगरावर कसलं घर! शेवटी वाटलं, नको. टेबल पत्करलं. चूक माझी म्हणून टाकावं आणि गप्प खाली उतरावं. खरंच सांगते, त्या रात्री मनोरे हातचे जाण्यापेक्षा मला त्या शब्दाची जास्त लाज वाटत होती.

सकाळी साहेब यंत्राच्या खोलीत फोनशेजारी बसले होते. रुमाल तसाच टेबलावर, पाकळी सुकून काळी पडलेली. मामा दाराशी उभे. साहेबांनी फोन उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चूक माझी असं म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण नजर त्या तांदळाच्या दाण्यावर गेली. मी केलेला जोड चांगला होता. तो जोड असा बसवायला मी शिकले होते, हात सोलून घेतले होते.

"साहेब, मला पाळी आली होती," मी म्हटलं. "म्हणून मी पूजेला उभी राहिले नाही. झाकण मी घातलं होतं, आणि घातलेलं सोडूनच गेले होते."

साहेबांनी फोन खाली ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला. कानापर्यंत लाल झाले होते. मी जमिनीकडे पाहत होते. बोलून टाकलं की मोकळं वाटेल अशी माझी समजूत होती. तसलं काही झालं नाही. भर रस्त्यात पदर ओढला गेल्यासारखं वाटलं. कोणीतरी काहीतरी बोलावं आणि हे संपावं, एवढंच मी म्हणत होते.

बोलले ते मामा.

"साहेब, झाकान म्याच काढलं हुतं."

ते दारातून आत आले. डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं होतं.

"सगळ्यास्नी कुंकू लावलं. दोराला, कप्पीला. आन् मुख्य चीज तर हीच. झाकनावरनं कुंकू लावायचं माझ्या मनाला बरं वाटंना. देवाला कुनी फडक्यावरनं गंध लावतं का? म्हनून उगडलं. फूल वाह्यलं, नारळाचं दोन थेंब तीर्थ म्हनून घातलं. मग पुसलं आन् झाकान पयल्यावानी केलं. आत उतरंल आसं ध्येनात आलं न्हाई."

"मग काल खोटं का बोललात?" साहेबांनी विचारलं.

 मामा हेल्मेट या हातातून त्या हातात घेत राहिले.

"भ्यालो साहेब. आन्..." ते थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्याडम का गेल्या हुत्या ते मला ठावं हुतं. माझ्या घरात तीन लेकी हायत. म्हटलं, काय झालं तरी म्याडम हे बोलायच्या न्हाईत. बाई कशी बोलंल? त्याच भरवशावर मी ऱ्हायलो."

माझा काल रात्रीचा राग थोडा होता. हे ऐकून तो वाढायला हवा होता. पण मला रागही आला नाही. मला फक्त एवढं वाटलं, की या माणसाने माझी लाज किती नीट ओळखली होती. माझ्या कामापेक्षाही नीट.

साहेबांनी मामांना कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर हेड ऑफिसला कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण साहेबांच्याही तोंडून वरिष्ठांपुढे निघालं नसतं. फोनवर त्यांनी सांगितलं, की नळीत ओल शिरली होती, काम दुरुस्तीला घेतलंय, घोलपबाई जागेवर आहेत. मला म्हणाले, आता सुरू करा. त्यानंतर जितके दिवस डोंगरावर होते तितके दिवस त्यांनी माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर पाहिलं.

मग आम्ही नळी वरून सोडवली, आतून सुती बोळा ओढला, पुन्हा पुन्हा ओढला, आणि कोरडी हवा सोडून ती वाळवली. वरचा जोड पुन्हा लावायला मी चढले. टोक धरायला दुसरा माणूस लागतो. मामाच आले.

वर वारा होता. मी रबराची कडी बसवली, मामांनी टोक डिशच्या तोंडाशी अचूक धरलं. त्यांचा हात कधी हलत नसे. मी समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करून आवळू लागले. अर्धे झाले असतील तेव्हा ते बोलले.

"म्याडम, काल घरी नंदीनं इचारलं."

नंदा त्यांची थोरली. मॅट्रिक पास झाली होती. कराडच्या आयटीआयमध्ये वायरलेसचा कोर्स होता, त्याला तिला घालायचं मामांच्या मनात होतं. जेवायच्या सुट्टीत त्यांनी मला दहा वेळा विचारलं असेल, की पोरीच्या जातीला हे जमतं का. मी म्हटलं होतं, मला जमतंय की. तिला एकदा वर आणा, जोड कसा बसवतात ते दाखवते. दसऱ्याला आणतो म्हणाले होते. दसरा येऊन गेला, पण काम बिघडल्याच्या गडबडीत ते राहूनच गेलं.

"काय विचारलं?"

"म्याडमचं काम कसं चाललंय म्हनाली. मी म्हनलं, बिगाडलं. म्याडमनं झाकान उगडं टाकलं." त्यांची मान खाली होती. "साहेबाला सांगितलं तेच घरी सांगाय लागलं. ती म्हनाली, मग ऱ्हाऊ द्या आबा. एवढी शिकल्याली बाई चुकती तर माजं काय."

मी पाना थांबवला.

"मग आज खरं सांगा तिला," मी म्हटलं.

"सांगतो."

मी पुन्हा आवळायला घेतलं. शेवटचा स्क्रू बसला, मामांनी टोक सोडलं, पण ते खाली उतरेनात. दोन्ही हातांनी शिडीची कांब धरून उभे राहिले.

"खरं सांगायचं म्हंजे तुमी का उठून गेला ते सांगाय पायजे," ते म्हणाले. "त्ये लेकीसमोर कसं बोलू? घरात कदी बोललो न्हाई मी."

मी काय सांगणार? मी साहेबांसमोर बोलले होते, पण माझ्या बाबांसमोर बोलले असते का? मी म्हटलं, हवं तर मी येऊन सांगते. ते म्हणाले, नको नको, म्याच बघतो. मग आम्ही उतरलो. खाली साहेबांनी यंत्र सुरू केलं आणि पलीकडून आवाज आला, शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ. गड्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वैशाखात मामा लग्नाचं आमंत्रण घेऊन पुण्याच्या ऑफिसात आले. नंदाचं लग्न. स्थळ चांगलं होतं, मुलाची कराडला पिठाची गिरणी होती. कोर्सचं काय झालं हे मी विचारलं नाही. मी तोवर कायम झाले होते, माझ्या नावावर आणखी दोन मनोरे लागले होते. मामांनी बजावून सांगितलं, की म्याडम, तुमी आल्याच पायजे.

मी गेले. डोंगराच्या पायथ्याला गाव, शाळेच्या पटांगणात मांडव. तिथून वर पाहिलं की मनोरा दिसत होता, आणि त्यावर आमची डिश. मामांनी मला मानाने आत नेलं. नवरीच्या खोलीत बायकांची झुंबड होती, सगळ्यांना अक्षता वाटून झाल्या होत्या, माझ्याही मुठीत दिल्या. मामा दाराशी थांबले.

नंदा हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधून बसली होती. मला पाहून उठली आणि वाकून पाया पडली. तिचे डोळे फार हुशार होते. मी आशीर्वाद पुटपुटले. तिने माझा हात धरून ठेवला आणि हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली,

"म्याडम, त्यावेळी तुमच्या हातनं झाकान ऱ्हायलं हुतं ना. आबांनी सांगितलं हुतं. मला लई वाईट वाटलं. तरी बी तुमाला कामावर ठेवलं ना त्यांनी?"

मी दाराकडे पाहिलं. मामांनी ऐकलं होतं. त्यांच्याही मुठीत अक्षता होत्या, आणि ते त्या मुठीकडे पाहत होते. खोलीत दहा-बारा बायका होत्या. दाराबाहेर वाजंत्री तयार होती. मी तो शब्द एकदा उच्चारला होता, पुन्हा उच्चारता आला असता. पण मग नवरीच्या खोलीत, सगळ्या भावकीसमोर, तिच्या बापाचं खोटं उघडं पडलं असतं.

"हो," मी म्हटलं. "ठेवलं."

"बरं झालं," नंदा म्हणाली आणि मोकळं हसली. "मला वाटत हुतं, तुमचं पन माझ्यावानीच झालं का काय."

मग तिला बाहेर नेलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मामा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, पण आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. प्रत्येक "सावधान"ला मांडवभर तांदूळ उडत होते, मीही टाकत होते. शेवटचं कडवं संपलं, अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या, ताशा वाजू लागला. मांडव रिकामा होऊ लागला तेव्हा मी पाहिलं, मामांची मूठ तशीच मिटलेली होती.